टॅरोचे पान काय सांगते आणि काय सांगत नाही



तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर टॅरोवर बोलणार म्हटल्यावर काही मंडळी करमणुकीच्या आशेने आलेली दिसतात, आणि काहींच्या पिशवीत पत्त्यांचा कॅटही आहे. दोघांचंही स्वागत. आम्ही हा विषय का घेतला ते आधी सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल.

मायकेल डमेट हे ऑक्सफर्डला तर्कशास्त्राचे प्राध्यापक होते. गॉटलोब फ्रेगे या जर्मन तर्कशास्त्रज्ञाच्या भाषाविचारावर त्यांनी १९७३ साली लिहिलेला ग्रंथ टाळून भाषेच्या तत्त्वज्ञानात पुढे जाता येत नाही. आमच्या पिढीने तो झेरॉक्स काढून, समासात पेन्सिलीने भांडत वाचला. याच डमेटसाहेबांनी १९८० साली टॅरोवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. भविष्यावर नव्हे बरं का, खेळावर. कुठल्या शहरात कुठले नियम, कुठल्या पानाला किती गुण, हुकमांचा क्रम कसा, हे सगळं. शब्दाला अर्थ कुठून येतो हा प्रश्न आयुष्यभर विचारणारा माणूस पत्त्यांच्या एका कॅटामागे वर्षानुवर्षे लागला, हा आम्हाला निव्वळ छंद वाटत नाही. पानाला अर्थ कुठून येतो, हाही तोच प्रश्न आहे. आजचे बोलणे त्या प्रश्नाभोवती. नवशिक्यांसाठी आहे, पण नवशिक्यांसाठी लिहिल्या जाणाऱ्या पुस्तकांशी आमचे भांडण आहे, तेही आज करणार आहोत.

आता कॅट उघडू. पाने ७८. त्यांतली ५६ तुमच्या ओळखीची आहेत, आपल्या ५२ पानांच्या कॅटाची ती भावंडेच म्हणा ना. रंग चार, फक्त किलवर-इस्पिक-बदाम-चौकट नव्हेत, तर प्याले, तलवारी, काठ्या आणि नाणी. पत्ते वाचणारी मंडळी त्यांना कप्स, सोर्ड्स, वाँड्स, पेंटॅकल्स म्हणतात. प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, आणि वर चार दरबारी: पेज म्हणजे सेवक, घोडेस्वार, राणी, राजा. आपल्याकडे घोडेस्वार नाही, एवढाच फरक. राहिली २२ पाने. ती चारही रंगांच्या बाहेरची. मूर्ख, जादूगार, सम्राज्ञी, सम्राट, प्रेमिक, रथ, दैवाचे चाक, फाशी दिलेला मनुष्य, मृत्यू, सैतान, मनोरा, तारा, चंद्र, सूर्य, जग अशी. यांना हल्ली मेजर आर्काना म्हणतात. आर्काना म्हणजे गुपिते. हे नाव खेळणाऱ्यांनी दिलेलं नाही, ते १९व्या शतकातल्या गूढवाद्यांचं.

हे रंग आले कुठून? इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या काळातला पत्त्यांचा एक जुना कॅट इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात आहे. त्यात प्याले आहेत, नाणी आहेत, तलवारी आहेत, आणि चौथा रंग पोलोच्या काठ्यांचा. युरोपला पोलो ठाऊक नव्हता, म्हणून त्या काठीचा दंडुका झाला. या कॅटात राजाच्या खालोखाल ‘नायब’ आणि मग ‘दुसरा नायब’ अशी पाने आहेत. आपल्याकडचे नायब तहसीलदार ज्या अरबी शब्दातून आले, तोच हा शब्द. पत्ते युरोपात गेले १३७०च्या दशकात, आणि या नायबावरूनच इटालियनमध्ये पत्त्यांना ‘नाइबी’ आणि स्पॅनिशमध्ये ‘नाइपेस’ म्हणू लागले. तेव्हा सरकारी कचेरी आणि टॅरो यांचं नातं आहे म्हणायला हरकत नाही. (हशा)

त्यानंतर १५व्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इटलीत, मिलान, फेरारा, फ्लॉरेन्स या भागात, कुणी तरी या ५६ पानांना वरची २२ पाने जोडली. त्यांना म्हणत ‘त्रिओन्फी’, म्हणजे विजय, विजययात्रा. इंग्रजीतला ‘ट्रंप’ यातूनच आला. मराठीत तुम्ही आम्ही त्याला काय म्हणतो? हुकूम. संपलं. मेजर आर्काना म्हणजे कायमचे हुकूम. मेंढीकोट खेळताना हुकूम आधी ठरवावा लागतो, इथे तो छापूनच ठेवलेला. सम्राटाला पोप मारतो, पोपला मृत्यू मारतो, मृत्यूला सूर्य मारतो. मूर्ख तेवढा कुणाला मारत नाही आणि कुणाकडून मरतही नाही. ज्याच्याकडे तो आहे त्याने तो दाखवायचा, हातातून सूट घ्यायची आणि तो परत आपल्याकडे ठेवायचा. म्हणजे तेराव्या क्रमांकाच्या मृत्यूचा पहिला अर्थ बघा केवढा साधा होता: बाराव्याला मारतो, चौदाव्याकडून मरतो.

आपल्या सावंतवाडीच्या गंजिफा आठवा. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२०. खेळणारा वामनाचे पान टाकतो तेव्हा तो वामनावतारावर भाष्य करत नसतो, डाव खेळत असतो. पण म्हणून चित्र अर्थशून्य असतं का? तसंही नाही. खेळणाऱ्याला वामन कोण हे ठाऊक असतंच. टॅरोच्या हुकमांचं तेच. चित्रे सर्वांच्या ओळखीची होती, गुपित काही नव्हतं. या ओळखीचा धागा तुटला आणि मग गुपित जन्माला आलं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे बाराव्या क्रमांकाचा फाशी दिलेला मनुष्य. हे पान आम्ही जरा सावकाश पाहणार आहोत. एक तरुण एका पायाने उलटा टांगलेला आहे. दुसरा पाय गुडघ्यात दुमडून टांगलेल्या पायामागे नेलेला. मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी सुमारे १४५० साली सोन्याच्या वर्खावर रंगवलेल्या कॅटातही तो असाच आहे. त्या काळच्या इटालियन माणसाला हे चित्र काय सांगत होतं? तिकडे एक रीत होती. देशद्रोही, दिवाळखोर, पळून गेलेला शत्रू हाती लागला नाही, तर त्याचं उलटं टांगलेलं चित्र सरकारी इमारतीच्या भिंतीवर भर रस्त्यात काढायचं. बदनामीची चित्रे. १४४० साली फ्लॉरेन्समध्ये आन्द्रेआ देल कास्तान्यो या चित्रकाराने शहराच्या शत्रूंची अशी चित्रे रंगवली आणि त्याचं टोपणनावच ‘फाशीवाल्यांचा आन्द्रेआ’ असं पडलं. जुन्या इटालियन याद्यांत या पानाचं नाव चक्क ‘गद्दार’ असं येतं. म्हणजे १४५० साली हे पान हातात आलेल्या माणसाला क्षणभरही विचार करावा लागत नव्हता.

आता तुमच्या पिशवीतल्या कॅटातलं तेच पान काढा. बहुतेकांकडे १९०९ सालचा, रायडर-वेट नावाने ओळखला जाणारा कॅट असेल. तोच तरुण, तोच पाय. पण डोक्याभोवती तेजोवलय आहे. खांबाला पालवी फुटलेली आहे. चेहरा शांत, जवळजवळ समाधिस्थ. पुस्तकात अर्थ काय दिलाय? समर्पण, नवी दृष्टी, त्याग. गद्दाराचा साधू झाला! साडेचारशे वर्षांत पाय तोच राहिला आणि माणूस बदलला.

यावर दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया होतात आणि आम्हाला दोन्ही पटत नाहीत. एक म्हणतो, बघा, सगळं थोतांड आहे, अर्थ मनाला येईल तसे चिकटवलेत. दुसरा म्हणतो, तेजोवलय हाच खरा, सनातन अर्थ, जुन्यांना तो कळला नव्हता. पहिल्याला आमचं म्हणणं असं की अर्थ बदलणं हा काही गुन्हा नाही, भाषेत रोज होतं. ‘साहस’ या शब्दाचा संस्कृत धर्मशास्त्रातला अर्थ जबरदस्तीचा गुन्हा असा आहे, आणि आज आपण शाळेत साहसासाठी बक्षीस देतो. दुसऱ्याला म्हणणं असं की, बाबा रे, ते तेजोवलय कुणी, कधी काढलं हे नावगावासह माहीत आहे. सनातन कसलं?

ते नावगाव सांगायला हवं. १७८१ साली पॅरिसमध्ये कूर द जेबलँ या विद्वानाने आपल्या मोठ्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडात लिहून टाकलं की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचा ग्रंथ, थोथ या देवाचं ज्ञान. इजिप्तची चित्रलिपी वाचण्याची किल्ली शांपोलियोंने जाहीर केली १८२२ साली. म्हणजे जेबलँ हे म्हणत होता तेव्हा ती लिपी जगात कुणालाही वाचता येत नव्हती. न वाचलेल्या पुस्तकावरचं परीक्षण आपल्याकडेही लिहिलं जातं, पण न वाचता येणाऱ्या पुस्तकावरचं हे अपूर्वच. गंमत अशी की पत्त्यांचे रंग खरोखरच इजिप्तमधून आले होते, फक्त फॅरोंच्या नव्हे, सुलतानांच्या. पुढची साखळी भराभर सांगतो. एत्तेला नावाचा गृहस्थ, खरं आडनाव अलियेत, ते उलटं करून घेतलेलं, याने १७८५ साली टॅरोवरून भविष्य सांगण्याचं पुस्तक काढलं. १८५०च्या दशकात एलिफास लेवीने २२ हुकूम हिब्रूच्या २२ अक्षरांशी जोडले. १८८८ साली लंडनमध्ये ‘गोल्डन डॉन’ ही गूढविद्येची संस्था निघाली, तिने त्यात राशी आणि ग्रह ओवले. या संस्थेतले एक सभासद आर्थर एडवर्ड वेट. हिब्रू अक्षरे आणि राशी यांचा मेळ बसावा म्हणून आठवा न्याय अकराव्या जागी आणि अकरावे बळ आठव्या जागी, अशी अदलाबदल या मंडळींनी केली होती. वेटने ती आपल्या कॅटात छापली, आणि पुस्तकात कारण मात्र दिलं नाही.

तर १९०९. वेटने चित्रे काढायला सांगितली पामेला कोलमन स्मिथ हिला, आणि विल्यम रायडर यांनी कॅट छापला. नाव पडलं रायडर-वेट, म्हणजे प्रकाशक आणि लेखक. जिने चित्रे काढली तिचं नाव गायब. आमच्या मते या कॅटाबद्दल समीक्षकाने बोलायचं तर तिच्यापासूनच सुरुवात करायला हवी. १८७८ सालचा जन्म, बालपण लंडन, मँचेस्टर आणि जमैकात. जमैकातल्या लोककथा तिने पुस्तकात आणल्या, स्वतः रंगवून सांगितल्या. हेन्री आयर्व्हिंग आणि एलेन टेरी यांच्या नाटकमंडळीत ती वावरली, रंगमंचाची कामं केली. न्यूयॉर्कला आल्फ्रेड स्टिग्लिट्झच्या गॅलरीत १९०७ साली तिची चित्रे लागली, तोवर तिथे छायाचित्रेच लागत. टॅरोचं काम संपल्यावर तिने या स्टिग्लिट्झना पत्रात कळवलं की काम मोठं होतं आणि पैसे अगदी थोडे मिळाले. १९५१ साली कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी ती कर्जात वारली. तिच्या चित्रांच्या प्रती त्यानंतर जगभर घरोघरी गेल्या. पानांच्या कोपऱ्यात सापासारखी वळणं घेतलेली तिची सही आहे, भिंग घेऊन पाहा. हल्ली काही जण रायडर-वेट-स्मिथ म्हणतात. आम्हीही यापुढे हा स्मिथचा कॅट असंच म्हणणार आहोत.

तिचं खरं काम २२ हुकमांत नाही. ते एक्क्यानंतरच्या साध्या पानांत आहे. जुन्या कॅटात तलवारींची सत्ती म्हणजे सात तलवारींची नक्षी, बस. स्मिथने तिथे माणूस आणला. तिच्या सत्तीत एक इसम छावणीतून पाच तलवारी कवटाळून चवड्यांवर पळतोय, मान मागे वळलेली, चेहऱ्यावर हसू, आणि दोन तलवारी मातीत रोवलेल्या राहिल्यात. नाण्यांच्या दुर्रीत उंच टोपीचा एक डोंबारी दोन नाणी खेळवतोय आणि मागे लाटांवर जहाजं हेलकावताहेत, अगदी रंगवलेल्या पडद्यासारखी. नाटकवालीचं काम आहे हो हे! प्रत्येक पान म्हणजे एका प्रवेशाचा एकच क्षण. आधी काय झालं, नंतर काय होणार, ते पाहणाऱ्याने भरायचं. हा कॅट जगभर चालला तो वेटच्या विद्वत्तेमुळे नव्हे, या अर्धवट सोडलेल्या प्रवेशांमुळे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता नवशिक्यांच्या पुस्तकांकडे वळू. त्यांत एक तक्ता असतो. डावीकडे पान, उजवीकडे अर्थ. तलवारींची तिर्री: प्रेमभंग. प्याल्यांची पंजी: दुःख. मनोरा: अरिष्ट. पाठ करा. आमची तक्रार या तक्त्याबद्दल आहे.

तिर्रीच घेऊ. राखाडी आभाळ, पाऊस, मध्ये लाल हृदय, त्यात आरपार तीन तलवारी. माणूस नाही. व्हिस्कोंती-स्फोर्झा कॅटातली चार पाने काळाच्या ओघात हरवली, त्यांतलं एक नेमकं हेच, तेव्हा तिथे ते कसं होतं पाहायला मिळत नाही. पण सोला बुस्का नावाचा १५व्या शतकाच्या अखेरचा एक इटालियन कॅट आहे. त्यात तीन तलवारींनी विंधलेलं हृदय आहे. त्याची छायाचित्रे १९०७ साली ब्रिटिश म्युझियमला मिळाली, आणि दोनच वर्षांनी स्मिथने हे पान काढलं. साम्य इतकं आहे की योगायोग म्हणणं कठीण. वेटने पुस्तकात या पानाला विरह, विलंब, फूट, असे शब्द दिले, आणि बाकीचं चित्रावरून उघडच आहे म्हणून सोडून दिलं. आलेस्टर क्रोली आणि फ्रीडा हॅरिस यांच्या पुढच्या कॅटात याच पानाचं नाव ‘शोक’. मग तक्त्यातला ‘प्रेमभंग’ कुठून आला? लाल बदाम म्हणजे प्रेम, हे समीकरण आपल्या डोक्यात आधीपासून बसलंय, तिथून. पण पन्नाशीतल्या माणसाचा भाऊ वाटणीवरून बोलेनासा झाला असेल, तर तोही हेच चित्र पाहून गप्प होईल. आणि ज्याने नुकताच कुणाचा तरी विश्वासघात केलाय, त्याला हृदय दिसणारच नाही, तलवारी दिसतील.

इथे आपल्या मीमांसकांचा एक जुना वाद उपयोगी पडतो. कुमारिल भट्ट म्हणतात, शब्द आधी आपापले अर्थ सांगतात आणि मग त्या अर्थांचा परस्पर अन्वय लागतो. प्रभाकर म्हणतात, छे, सुटा अर्थ असा नसतोच, शब्द अन्वयात असतानाच अर्थ सांगतो. फ्रेगेचंही मत असंच, शब्दाचा अर्थ वाक्यापासून तोडून विचारू नये. प्रभाकरांच्या बाजूने दिलं जाणारं उदाहरण लहान मुलाचं आहे. आजोबा म्हणतात, ‘गाय आण’. गडी गाय आणतो. मग म्हणतात, ‘गाय बांध’. मग ‘घोडा आण’. मूल काही शब्दकोश उघडत नाही. एक शब्द तोच राहिला, दुसरा बदलला, तेव्हा काय बदललं हे पाहत पाहत ते भाषा शिकतं. या घालण्या-काढण्याला आवाप-उद्वाप म्हणतात. तक्तेवाले सगळे नकळत कुमारिलपंथी आहेत, आणि कुमारिलांनी निदान अन्वयाचा विचार तरी केला होता. तीन पानांची मांडणी घ्या. ७८ पानांतून क्रमाने तीन पाने काढायचे प्रकार होतात ४,५६,४५६. सरळ-उलटी धरलीत तर याच्या आठपट. कुठला तक्ता पुरणार?

दुसरी तक्रार आणखी गंभीर आहे. तेरावं पान, मृत्यू. हे निघालं की वाचणारा घाईघाईने म्हणतो, ‘घाबरू नका हं, याचा अर्थ मृत्यू नाही, बदल.’ सगळ्या पुस्तकांत हे वाक्य आहे. ही लक्षणा झाली. पण लक्षणेला आपल्या शास्त्रकारांनी अट घातली आहे: मुख्य अर्थ अडला पाहिजे. ‘गंगेवर गवळीवाडा आहे’ म्हटलं की पाण्यावर वाडा कसा असेल, म्हणून आपण ‘गंगेच्या काठावर’ असा अर्थ घेतो. इथे काय अडलंय? चित्रात काळ्या चिलखतातला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसून चाललाय. खाली राजा मरून पडलाय, मुकुट बाजूला. धर्मगुरू हात जोडून उभा. एक तरुणी गुडघ्यांवर, तोंड फिरवलेली. आणि एक लहान मूल, तेवढंच घोड्याकडे सरळ पाहतंय. हा मृत्यू नाही तर काय आहे? यात अर्थ अडलेला नाही, समोर बसलेल्याची भीती आड आली, म्हणून अर्थ बदलला. स्मिथने मरणासमोरच्या माणसाच्या चार तऱ्हा एका चौकटीत बसवल्या. सत्ता, प्रार्थना, न पाहणं, आणि कुतूहल. ‘बदल’ म्हटलं की हे सगळं पुसलं जातं. नोकरी बदलणं आणि आई जाणं एकाच शब्दात कोंबलं जातं.

मग काय, पान निघालं की ‘मरण आहे’ असं सांगायचं? नाही. आणि इथेच फ्रेगेने केलेला एक भेद कामी येतो. एखादा विचार मांडणं वेगळं आणि तो खरा आहे असं ठासून सांगणं वेगळं. नाटकात नट ‘आग लागली!’ म्हणून ओरडतो, तेव्हा आपण अग्निशमन दलाला फोन करत नाही. त्याने विचार मांडलाय, विधान केलेलं नाही. टॅरोचं पान मांडतं, विधान करत नाही. विंधलेलं हृदय आहे. कुणाचं? पान सांगत नाही. कधीचं? पान सांगत नाही. झालं, होणार, की टळलं? पानात क्रियापद नाही. ‘तुमचं’, ‘येत्या महिन्यात’, ‘होणार’ हे तिन्ही शब्द वाचणाऱ्याच्या तोंडचे आहेत. आणि पत्ते पिसणाऱ्याच्या हाताला समोरच्या माणसाची खबर नसते, हेही तितकंच खरं.

म्हणून ‘पत्ते म्हणतायत’ हा वाक्प्रयोग आम्हाला फार खटकतो. व्याकरणात कर्ता बदलला की जबाबदारीही बदलते. समजा, एका बाईंचा तपासणीचा रिपोर्ट चार दिवसांनी यायचा आहे. रात्री झोप नाही. मैत्रीण म्हणते, चल, अमुक ताई छान पत्ते वाचतात. पान निघतं मनोरा: वीज पडलीय, मुकुट उडालाय, दोन माणसं डोक्यावर खाली येताहेत. आणि ताई म्हणतात, ‘अगं, पत्ते काही बरं म्हणत नाहीयेत.’ ते चार दिवस त्या बाईंनी कसे काढायचे? उलट बाजूही तितकीच वाईट. सूर्य निघाला, ताई म्हणाल्या, ‘काही नाहीये तुला’, आणि बाई रिपोर्ट आणायलाच गेल्या नाहीत. दोन्ही वाक्यं ताईंची आहेत. पत्त्यांनी एकही उच्चारलेलं नाही.

आमचे विवेकवादी मित्र म्हणतील, मग फेकून द्या ना ते पत्ते. भविष्याबद्दल त्यांचं म्हणणं आम्हाला पूर्ण मान्य आहे, पण चित्रांवर ते अन्याय करतात. सिग्मंड फ्रॉइड शनिवारी संध्याकाळी मित्रांबरोबर टॅरॉक खेळत, त्याच घराण्यातला खेळ. ज्याने जगाला नेणिवेत डोकवायला शिकवलं तो या पत्त्यांत हुकूम मोजत होता, आणि आज लोक याच पत्त्यांत नेणीव शोधताहेत! खेळ म्हणून त्याने पाहिलं, यात काही कमी नव्हतं. आणि कुणी चित्र समोर ठेवून, एरवी ओठांवर न येणारी गोष्ट बोलत असेल, तर तेही कमी नाही. त्याच बाईंना मनोरा दाखवून ‘यातल्या कुणाकडे लक्ष जातं तुमचं?’ एवढंच विचारलं, तर त्या कदाचित रिपोर्टबद्दल बोलतील, कदाचित मुलाबद्दल. ते बोलणं त्यांचं असेल.

शिकायचं कसं, ते सांगून थांबतो. तक्ता मिटून ठेवा. एक पान घ्या, समजा प्याल्यांची पंजी. दहा मिनिटं फक्त वर्णन लिहा. ‘दुःखी’ हा शब्द नको, तो अर्थ झाला. ‘काळा झगा, मान खाली’ असं लिहा. तीन प्याले त्याच्यासमोर सांडलेत. दोन त्याच्या पाठीमागे उभे आहेत, ते त्याला दिसत नाहीत, आपल्याला दिसतात. पलीकडे नदी, पूल, घर. आता त्याच्या पाठीमागच्या बाजूला, म्हणजे उभ्या प्याल्यांकडे, दुसरं पान ठेवा. मृत्यू ठेवलात तर तो वळला नाही हेच बरं, असं वाटेल. तो काढून नाण्यांची दुर्री ठेवा. मागे कुणी तरी खेळतंय आणि हा बघत नाही, असं होईल. मग तीच दुर्री उचलून सांडलेल्या प्याल्यांच्या बाजूला ठेवा. आता तो त्या खेळाकडेच बघतोय, आणि मघाशी खाली वाटलेली मान वेगळी दिसायला लागते. पंजी तीच आहे. काय बदललं ते दर वेळी वहीत लिहा. ७८ पानं आहेत, वर्षभर पुरतील.

घड्याळ पुढे गेलंय. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे, त्यांच्यापासून सुरुवात करू.